चकाकीची कुळकथा

खंडेनवमीला शस्त्रे पुजण्याची आपल्याकडची चाल फार जुनी. पुढे घरातली शस्त्रे गेली, पण पूजा गेली नाही. तिने नवी दैवते शोधून काढली. कारकुनाची लेखणी, शिंप्याचे यंत्र, शेतकऱ्याचा नांगर आणि आता दाराशी उभी असलेली मोटार. हिंगोलीचा दसरा तर मराठवाड्यात सर्वतोमुखी झालेला. खाकी बाबा मठाच्या परंपरेतून चालत आलेला हा उत्सव दीडशे वर्षांहून जुना आहे. रामलीला मैदान, तेथले प्रदर्शन, पाळणे आणि रावणदहन पाहावयास पंचक्रोशी लोटते. हिंगोलीकर मंडळी आपल्या दसऱ्याला म्हैसूरच्या खालोखालचा मान देतात. म्हैसूरकरांचे यावर काय मत आहे, ते विचारण्याच्या भरीस सुज्ञाने पडू नये.

त्या दिवशी सकाळी गावात एकही वाहन न धुतलेले राहत नाही. ट्रॅक्टर, रिक्षा, फटफटी, जीप, सगळ्यांना स्नान आणि झेंडूची माळ. आता यातली एखादी काळी किंवा गर्द निळी मोटार निवडावी आणि आश्विनातल्या तिरप्या उन्हात तिच्या टपाकडे पाहावे. सूर्याचे प्रतिबिंब जेथे पडले असेल, त्याच्याभोवती कोळ्याने जाळे विणावे तशी बारीक रेषांची वर्तुळे दिसतात. मालक म्हणतो, गाडी गोल गोल पुसली म्हणून गोल ओरखडे उठले. दिसावयास तसे दिसते खरे, पण प्रकार वेगळा आहे. ओरखडे सर्व दिशांना वाटेल तसे पसरलेले असतात. त्यांपैकी ज्या ओरखड्याची लांबी प्रकाशाच्या दिशेला आडवी येते, तोच किरण आपल्या डोळ्याकडे परतवतो. बाकीचे मुकाट राहतात. म्हणून डोळ्याला दिव्याभोवती फेर धरलेले तेवढे दिसतात. चार पावले सरकून उभे राहा, जाळेही सरकते आणि त्याचा कोळी, म्हणजे सूर्यबिंब, पुन्हा मध्यभागीच बसलेला असतो. स्टीलचे जुने ताट विजेच्या दिव्याखाली धरले की हाच चमत्कार जेवणाच्या पाटावर बसून पाहता येतो.

हे ओरखडे आणतो कोण? दगड मारणारी उनाड पोरे नव्हेत. ते आणते पुसणाऱ्याचे फडके. कयाधू आणि पैनगंगेच्या खोऱ्यातली काळी जमीन काळ्या पत्थराच्या झिजेतून झालेली. तिची धूळ बोटांना पिठासारखी मऊ लागते, पण त्या पत्थराच्या पोटात गारगोटीच्या जातीचे खडेही असतात आणि त्यांचा चुरा धुळीत मिसळलेला असतो. गारगोटी मोटारीच्या रंगाहून कितीतरी कठीण. कोरड्या फडक्याने गाडी झटकून पुसणारा माणूस प्रेमाने जे करतो, त्याला सुताराच्या भाषेत पॉलिश पेपर मारणे म्हणतात.

तेव्हा हे ओरखडे घालवावयाचे कसे, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर देताना आजकाल यंत्रांची आणि बाटल्यांची नावे सांगितली जातात. पण हाताने चकाकी आणण्याची विद्या मोटारीच्या आधी शेकडो वर्षे या मुलखात नांदत होती आणि तिचे एक चांगले मोठे कुळ होते. त्या कुळाचा धागा धरून मोटारीपर्यंत आलो तर ओरखड्याचे मर्म अधिक उमगेल, असे मला वाटते.

आपल्या भाषेत चकाकी आणण्याला एक शब्द नाही, पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे. भांडी ‘घासतात’, दागिना ‘उजळतात’, चुन्याचा गिलावा ‘घोटतात’ आणि हत्याराला ‘शिकल’ करतात. घासण्यात वरचा थर खरवडून जातो. घोटण्यात काही जात नाही. गुळगुळीत गोट्याने दाबून दाबून पृष्ठभाग बसवला जातो. जुन्या वाड्यांतल्या भिंती अजून आरशासारख्या दिसतात त्या घोटून घोटून. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने होणारा कागद खळ लावून दगडाने घोटीत, म्हणजे बोरूची शाई फुटत नसे. चुना ओला असतो, कागद मऊ असतो, सोने नरम असते; म्हणून ही मंडळी घोटून घेतात. वाळून कडक झालेला रंग घोटून घेत नाही. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढे तो कामास येणार आहे.

‘शिकल’ हा शब्द अरबी. मूळ धातूचा अर्थच मुळी घासून लख्ख करणे. फारशीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि ती विद्या पोटासाठी करणारा तो शिकलगार. आज सांगली-कोल्हापूरकडे हे आडनाव म्हणून भेटते. नांदेड-हिंगोलीच्या बाजूस शिकलगारांची शीख घराणीही आहेत. गुरू गोविंदसिंगांचा अंतकाळ १७०८ साली नांदेडला झाला, तेव्हापासून त्या स्थानाभोवती शिखांचा राबता राहिला. तलवारी, कट्यारी आणि भाले यांच्यावरचा गंज काढणे, धार लावणे आणि पाते उजळणे हे शिकलगाराचे काम. आधी खरबरीत दगड, मग बारीक दगड, मग तेलात कालवलेली पूड आणि शेवटी पोलादी घोटणी, जिला उर्दूत ‘मसकला’ म्हणतात. तोही शब्द शिकलीच्याच धातूतला. जातिवंत पोलादाचे पाते असले तर त्यावर हिराकशीचे पाणी फिरवून त्यातले ‘जौहर’, म्हणजे पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, वर आणावयाची. ते पोलादही दूरचे नव्हे. गोदावरीच्या पलीकडे, आजच्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनसमुद्रम नावाचे खेडे आहे. तेथले पोलाद घेण्यासाठी इराणी व्यापारी येऊन राहत असत.

शिकलगाराच्या चाकाला लागे तो कुरुंदाचा दगड. त्याचा चुरा लाखेत कालवून चाक बनवीत आणि दोरीने ते फिरवीत. या कुरुंदाचे नाव दक्षिणेतून युरोपात गेले. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा आपला कुरुंदच. माणिक आणि नीलम ही रत्नेही त्याच्याच वंशातली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. आज बाजारात मोटारीच्या पॉलिशची जी बाटली मिळते, तिच्यातल्या पांढऱ्या मलमात बहुधा हेच ऑक्साइड पिठाहून बारीक करून मिसळलेले असते. बाटलीवर विलायती चित्र असले तरी आतला ऐवज आपल्या ओळखीचा आहे. वसमत तालुक्यात कुरुंदा नावाचे गावही आहे, पण नामसाम्यावरून इतिहास रचण्याचा मोह आवरलेला बरा.

हिंगोलीत शिकलगाराला काम मिळण्याचे कारणही होते. इंग्रजी अंमलात निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली जी फौज बाळगली गेली, जिला पुढे हैदराबाद कंटिंजंट हे नाव पडले, तिची छावणी हिंगोलीस होती. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद (म्हणजे आपले अंबाजोगाई), एलिचपूर आणि बोलारम या तिच्या इतर छावण्या. याच फौजेच्या खर्चापायी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले. १९०३ साली ती इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. पण त्याआधीची कित्येक वर्षे या गावात घोडेस्वार होते, आणि घोडेस्वार म्हटला की तलवार आली, खोगीर आले आणि ते लख्ख ठेवणारे हात आले.

या निजामी घोडेस्वारांच्या तलवारींविषयी एक हकीकत फार मोलाची आहे. कॅप्टन नोलन या इंग्रज अधिकाऱ्याने १८५३ साली घोडदळावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. (हाच नोलन पुढच्या वर्षी ऑक्टोबरात क्रिमियातील बालाक्लाव्हाच्या त्या सुप्रसिद्ध आत्मघातकी हल्ल्यात अगदी आरंभीच पडला.) निजामाच्या स्वारांची आणि रोहिल्यांची एक चकमक झाली होती. तीत स्वारांच्या तलवारींनी केलेले घाव इतके जबर होते की नोलनला वाटले, ही पाती कुठल्या तरी अपूर्व पोलादाची असली पाहिजेत. चौकशी करता कळले ते उलटेच. ती पाती होती इंग्रजी रिसाल्याने मोडीत काढलेली! स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीच्या मुठी बसवल्या होत्या, वस्तऱ्यासारखी धार दिली होती आणि ती लाकडी म्यानात ठेवली होती. लढाईखेरीज ती म्यानाबाहेर येत नसत. इंग्रज शिपायाची तलवार मात्र पोलादी म्यानात. कवायतीत दिवसातून दहा वेळा उपसावयाची, दहा वेळा खुपसावयाची आणि दर वेळी पाते म्यानावर घासावयाचे. तो तिला रोज घासूनपुसून झगझगीत ठेवी, आणि ती बोथट होई.

मला या हकिकतीत मोटारीच्या रंगाचे निम्मे शास्त्र दिसते. पाते राखले ते पुसण्याने नव्हे, न घासण्याने. याची शाही साक्ष हवी असेल तर हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात जावे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १९११ साली मागवलेली पिवळ्या रंगाची रोल्स-रॉईस तेथे उभी आहे. आत सिंहासनासारखे आसन असलेली ही गाडी येईपर्यंत ते वारले. त्यांच्या मागून आलेल्या उस्मान अली खानांनी ती क्वचितच बाहेर काढली. धूळही नाही, फडकेही नाही. असे भाग्य आपल्या गाड्यांच्या कपाळी नाही हे उघड आहे. आपणाला रस्त्यावर जावयाचे आहे.

छावणी उठली, तलवारी ट्रंकांत गेल्या, मग संग्रहालयांत गेल्या. शिकलगार विळ्या, कोयते, कात्र्या आणि अडकित्ते यांच्यावर आले; कोणी लोखंडी कढया, बादल्या करू लागले. पण चकाकीची विद्या हिंगोलीतून गेली नाही. ती निघाली भलत्याच दारातून, आणि ते दार हळदीचे. वसमत-हिंगोलीचा हळदीचा व्यापार मोठा. बाजाराच्या दिवसांत रस्तेसुद्धा पिवळे दिसतात. शिजवून वाळवलेली हळद काळपट, खरखरीत आणि मुळ्यांनी भरलेली असते. तशी कोणी घेत नाही. तिला पॉलिश करावे लागते. पूर्वी पायांना गोणपाट गुंडाळून ती तुडवीत, नाही तर कठीण जागेवर हाताने घासून काढीत. आता जाळीचे पिंप फिरवतात. त्यात हळकुंडे एकमेकांवर घासून उजळ होतात. पिंपाखाली पिवळ्या भुकटीचा ढीग साचतो, तो कोठून आला हे हळद पिकवणाऱ्याला सांगावे लागत नाही. भाव वाढला, वजन घटले. किती फेरे द्यावयाचे आणि कधी हात आवरावयाचा, हा त्याचा रोकडा हिशेब असतो.

चकाकी वजावटीतून येते. ही गोष्ट हळदवाल्याला ठाऊक आहे तशी आपल्या घरच्या बायकांनाही ठाऊक आहे, फक्त त्यांनी कधी ती सिद्धांत म्हणून मांडली नाही. दिवाळीपूर्वी माळ्यावरची पितळेची भांडी निघतात. चिंच लावली की काळे कीट विरघळते. हे काम आंबटाचे. मग चाळलेली राख आणि नारळाची शेंडी. हे काम घासण्याचे. ‘राख चाळून घे गं, नाही तर चरे पडतील,’ असे सुनेला बजावणारी सासू विज्ञानाचेच बोलत असते: खडा मोठा तर चरा मोठा. आणि घरात जर आजीच्या लग्नातला तांब्या असेल, तर त्याच्या पोटावर कोरलेले नाव नीट पाहावे. अक्षरे पुसट झालेली असतात. पन्नास-साठ दिवाळ्यांची चकाकी त्या अक्षरांतून वजा झालेली असते.

हाच विचार सिद्धांत म्हणून मांडला तो सर आयझॅक न्यूटनने. प्रकाशावरचा त्याचा ग्रंथ १७०४ साली निघाला. दुर्बिणीचे आरसे तो स्वतःच्या हाताने घाशीत असे, त्यामुळे बोलणे अनुभवाचे होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की वाळू किंवा भुकटी लावून काचेचा कण न् कण सपाट होतो, असे कोणी समजू नये. भुकटी जितकी बारीक तितके ओरखडे बारीक, एवढेच. ते इतके बारीक होतात की डोळ्याला दिसेनासे होतात आणि आपण म्हणतो, वस्तू गुळगुळीत झाली. पुढे विसाव्या शतकात पंडितांनी यावर पुष्कळ वाद घातला. इंग्लंडमधल्या बेल्बीने १९२१ साली असे प्रतिपादन केले की घासताना धातूचा वरचा थर द्रवासारखा वाहून खळगे बुजवतो. नंतरच्या सूक्ष्मदर्शकांनी न्यूटनची बाजू बरीचशी राखली. दिसणाऱ्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, म्हणजे एका मायक्रॉनच्या, सुमारे अर्ध्या लांबीची असते. ओरखडा त्याहून बराच लहान झाला की प्रकाशाला त्याची दखल राहत नाही. मोठा ओरखडा पुसला जात नाही. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूची जमीन खाली आणावी लागते, आणि तेथे लहान ओरखड्यांची वस्ती करावी लागते. ओरखडा ‘काढणे’ हा शब्दच मुळी फसवा आहे.

आता मोटार. पहिल्या मोटारी म्हणजे घोडा काढून घेतलेल्या बग्ग्याच; त्यामुळे रंगही बग्गीचाच होता. जवसाच्या तेलाचे रोगण कुंचल्याने द्यावयाचे, वाळू द्यावयाचे, पाणी आणि भाजलेल्या लाव्ह्याचा हलका दगड घेऊन घासावयाचे आणि पुन्हा रोगण. असे थरावर थर. एका गाडीला काही आठवडे लागत. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची गाडी काळ्याखेरीज दुसऱ्या रंगात मिळत नसे. भट्टीत लवकर वाळणारे काळे रोगण हे त्याचे एक कारण सांगतात. कारखान्यात गाडीचा सांगाडा काही तासांत जुळून तयार व्हावा आणि रंगासाठी तो आठवडेच्या आठवडे पडून राहावा, अशी ती अवस्था होती.

ही कोंडी फोडली कापसाने. हे वाक्य कापूसवेचणीच्या हंगामात, काळ्या मातीच्या मुलखात जरा ठासून सांगावेसे वाटते. कापसावर तीव्र नायट्रिक आम्लाची क्रिया केली की स्फोटक कापूस बनतो, ही गोष्ट शनबाइन या शास्त्रज्ञाने १८४६ मध्येच जगापुढे आणली होती. त्याचाच एक सौम्य भाऊबंद द्रवात विरघळवून अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने रंग तयार केला आणि त्याला ‘ड्यूको’ हे नाव दिले. १९२४ साली तो ओकलंड नावाच्या मोटारींवर, निळ्या छटांत, अवतरला. पिचकारीने फवारावयाचा, मिनिटांत वाळतो आणि हवा तो रंग घ्या. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. लाखो मोटारींच्या अंगावर जो रंग चढला तो मुळात कापूस होता, आणि तो पुसावयाचा तेही कापसाच्याच फडक्याने.

पण ड्यूकोची एक खोड होती. तो फवारल्यावर आपोआप चमकत नसे. संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत आणि मंद दिसे. चकाकी हाताने काढावी लागे. नेमकी याच सुमारास तिला लागणारी वस्तूही निघाली. पाण्यात भिजवून वापरता येईल असा घासकागद अमेरिकेच्या थ्री-एम कंपनीने १९२१ साली बाजारात आणला. त्याची कल्पना फ्रान्सिस ओकी नावाच्या शाई बनवणाऱ्या गृहस्थाची. पाण्यामुळे धूळ उडत नाही, कागद तुंबत नाही आणि चरे बारीक पडतात. आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजात ‘वॉटर पेपर’ म्हणून जो मागतात, तो हाच.

हिंदुस्थानात ड्यूको हे एका मालाचे नाव न राहता त्या जातीच्या सगळ्याच रंगाचे नाव होऊन बसले, जसे वनस्पती तुपाला ‘डालडा’. त्याने मोटारीबाहेरही संसार थाटला. नांदेडच्या पलीकडे तेलंगणात निर्मळ हे गाव आहे, लाकडी खेळण्यांसाठी आणि चित्रांसाठी नावाजलेले. तेथले कारागीर पूर्वी वनस्पतींपासून आणि खनिजांपासून रंग करीत. पुढे त्यांनी फळ्यांवर चक्क ड्यूकोने चित्रे काढावयास सुरुवात केली. ज्यांच्या दिवाणखान्यात काळ्या जमिनीवर सोनेरी हरणे असलेले निर्मळचे चित्र आहे, त्यांच्या भिंतीवर मोटारीचा रंग टांगलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही!

आपल्या मोटारींची पहिली पिढी तीच. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट आणि कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची १९५७ नंतरची ॲम्बॅसडर. या गाड्या कारखान्यातून कशाही रंगून येवोत, गावातल्या रंगाऱ्याकडे त्यांच्यावर पुन्हा चढे तो बहुधा ड्यूकोच. कारण त्याला भट्टी लागत नाही, झाडाखालीही तो वाळतो. आणि मग रंगाऱ्याचा हाताखालचा पोरगा बसे. त्याचे काम ‘रबिंग’. वॉटर पेपर, साबणाचे पाणी, मग तपकिरी मलम, मग जुन्या धोतराची चिंधी. गाडीचा एक दरवाजा म्हणजे त्याची अर्धी सकाळ. बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून तळहाताने घासावयाचे. कडेला हात हलका ठेवावयाचा, कारण कडेवर रंग पातळ असतो आणि तेथे पत्रा लवकर डोकावतो. चिंधी गाडीच्या रंगाची होई: हिरव्या फियाटची हिरवी, काळ्या ॲम्बॅसडरची काळी. मालकाला वाटे, मळ निघतो आहे. पोराला माहीत असे की रंग निघतो आहे. मोटारीच्या इतिहासात कारखानदारांची नावे आहेत, अभियंत्यांची आहेत. या पोरांपैकी एकाचेही नाव कोठे नाही. शिकलगारांपैकी तरी किती जणांचे आहे म्हणा!

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि हळूहळू रंगाची तऱ्हा पालटली. जगभर १९८० नंतर रूढ झालेली पद्धत अशी, की खाली रंगाचा पातळ थर आणि त्यावर पारदर्शक रोगणाचा दुसरा. चकाकी वरच्या थराची. उन्हातल्या जळजळीत किरणांपासून खालच्या रंगाला वाचवण्याचे कामही त्याचेच. आता चिंधीला रंग लागत नाही, ती पांढरी राहते. त्यामुळे काही झिजतच नाही असा भास होतो. प्रत्यक्षात हा पारदर्शक थर जाडीला साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. तेवढीच काय ती शिल्लक, आणि तिच्यात भर घालता येत नाही. ती अति घासून संपवली की दोन-चार उन्हाळ्यांत टपावर पांढरे चट्टे पडतात, सालपटे निघतात, आणि मग पुन्हा रंगाऱ्याचे दार गाठावे लागते.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. नवी कचेरी आली आणि तिच्याबरोबर पांढऱ्या सरकारी गाड्या. पांढऱ्या रंगावर जाळे दिसत नाही, म्हणून त्यांचे चालक पिवळ्या फडक्याने कोरडे पुसूनही निर्धास्त असत. मागून खाजगी गाड्या वाढल्या, काळ्या-निळ्या रंगांची हौस आली, आणि जाळी दिसू लागली. आता विजेचे चक्र फिरवून तासाभरात जाळे घालवून देणारी दुकाने आहेत. चक्र निष्णात हातात असेल तर ते काम सुंदर करते. अजाण हातात मात्र ते एका जागी थांबते, रंग तापतो आणि कडेला थर पार जातो. हाताला तेवढी ताकदच नाही, हाच त्याचा गुण. हात खोल ओरखडा काढू शकत नाही, पण क्षणात सत्यानाशही करू शकत नाही.

घरच्या घरी हे करू म्हणणाऱ्यांसाठी जुन्या हातांची रीत सांगतो. आधी नख फिरवावे. ओरखड्यात नख अडकले तर त्याच्या नादी लागू नये. तो थर भेदून गेला आहे. अडकले नाही तर काम होण्याजोगे आहे. गाडी सावलीत, पत्रा थंड. पाणी भरपूर ओतून धूळ आधी वाहून जाऊ द्यावी. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या भागात हे सांगताना जीभ अडखळते खरी, पण मग गाडी धुवावयाची पावसाळ्यानंतर ठेवावी, कोरडी मात्र पुसू नये. फडके आणि साबण यांना एक बादली, फडके खळबळून धूळ सोडावयास दुसरी. मग मऊ कापडाची घडी, तिच्यावर मसुराएवढे दोन-चार थेंब पॉलिश, आणि एका वेळी वीतभर-दीड वीत जागा. गोल फिरवू नये, सरळ पुढे-मागे घासावे, मग आडवे. सरळ रेषेतले बारीक चरे एखाद्याच बाजूने डोळ्याला दिसतात. मधून मधून पुसून एकाच दिव्याच्या उजेडात पाहावे. जाळे सत्तर-ऐंशी हिश्श्यांनी विरले की हात थांबवावा. उरलेल्या वीस हिश्श्यांचा ध्यास घेणारा माणूस आपल्या गाडीचा पारदर्शक थर घरातल्या फडक्यांना वाटून टाकतो. शेवटी मेण. बाजारातली पुष्कळ ‘ओरखडेनाशक’ मलमे निव्वळ मेण-तेलाने चरे भरून ते लपवतात आणि तिसऱ्या धुण्याला जाळे परत येते. त्यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. थर राखून वर्षातून दोनदा जाळे लपवणे हा व्यवहार कित्येकदा घासण्यापेक्षा शहाणपणाचा ठरतो. शिकलगारही उजळलेल्या पात्यावर तेलाचा हात फिरवूनच ते म्यानात घालीत असे.

२००५ साली जपानच्या निस्सान कंपनीने असे एक रोगण जाहीर केले, की त्यावरचे बारीक ओरखडे उबेने आपोआप भरून येतात. आता तशी पारदर्शक पापुद्र्यासारखी आवरणेही मिळतात. ती गाडीला चिकटवली की ओरखडा पापुद्र्यावर पडतो आणि उन्हात बुजतो. किंमत ऐकून मात्र कोणालाही निजामाच्या पिवळ्या गाडीची आठवण व्हावी.

मराठवाड्यातल्या गल्ल्यांतून अजून धारवाल्याची हाळी ऐकू येते. त्याचे चाक आता सायकलीच्या पायट्यावर फिरते, क्वचित फटफटीच्या इंजिनावर. कात्री हाती घेतली की तो आधी पात्यावरून अंगठा आडवा फिरवतो, प्रकाशात धरून पाहतो, आणि पुष्कळदा ‘हिला नुसता एक हात पुरे, बाई’ म्हणून चाकाला जेमतेम टेकवून परत देतो.